बायनाआत्याचा डोह

“आधी त्यांचं, मग आपलं.”

बायनाआत्याच्या तोंडी हे वाक्य कायम असे. सकाळी कुणी चहाला हाक मारली तरी हेच. लग्नाची पंगत बसली, पहिलं पान तिच्यापुढे मांडलं, तरी हेच. पान तसंच ठेवून ती उठायची. हातात पितळी, पितळीत जवारीच्या पिठाचा गोळा, आणि पावलं डोहाच्या वाटेला. डोहातल्या माशांच्या तोंडी घास पडल्याशिवाय तिने स्वतःच्या तोंडी कधी पाण्याचा घोटही घातला नाही.

गंगाखेडहून पालमकडे जाणारी सडक सोडून आत वळलं की पाथरडोह लागतं. गोदावरीला तिकडे सगळे गंगाच म्हणतात. गावाच्या अंगाला काळ्या खडकाला धडकून गंगा वळण घेते आणि त्या वळणात तो डोह. वर महादेवाचं देऊळ, देवळापासून पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या झिजक्या पायऱ्या. शेवटच्या पायरीवर आत्या बसायची आणि पितळीच्या काठावर हातातल्या कड्याने ठोका द्यायची. आवाज पाण्यावरून पल्याडच्या खडकाला जाऊन परत यायचा, आणि त्याच्या मागोमाग खालून तांबूस सावल्या वर यायच्या.

भोई त्या माशांना खडस म्हणत. गावात त्यांना देवाचे मासे म्हणत. बंद्या रुपयाएवढे खवले, ओठांच्या दोन्ही बाजूंना मिशा, आणि उन्हात वळले की अंगावरून तांब्याचा पत्रा फिरवल्यासारखी चकाकी. डोहाच्या वर-खाली अर्धा कोस कुणी जाळं टाकत नसे. निजामाच्या राजवटीत एका अंमलदाराने तिथे गळ टाकला, तर त्याचा घोडा पायऱ्यांवर आडवा होऊन बसला आणि उठलाच नाही, असं म्हातारे सांगत. खरं-खोटं महादेव जाणे. पण नेम पाळला जात होता. डोहात आलेला जीव परत बाहेर काढायचा नाही.

बायना गुरवाची लेक. जिंतूरकडे दिली होती. नवरा कावीळ होऊन गेला तेव्हा हातातला चुडा अजून नवा होता. सासरच्यांनी तिला बैलगाडीत बसवून पाथरडोहला आणून सोडलं. बापाने तिला रडू दिलं. मग एका सकाळी आपली पितळी तिच्या हातात दिली.

“तुझ्या भावाला देऊळ, तुला डोह,” तो म्हणाला. “पिंडीला एखाद्या दिवशी उपास घडला तर ती काई बोलत न्हाई. हे बी बोलत न्हाईत, पण वाट बघतेत. वाट बघणारं कुणी असलं की माणूस जगतं, बायने.”

बायना जगली. माहेरची लेक म्हणून लहानथोर सगळ्या गावाची ती आत्या झाली. उंच, कोरड्या अंगाची, चालणं सावकाश. बोलणं त्याहून सावकाश. पण ती मानी होती. कुणी कीव केली की पदर झटकून चालू लागायची. माशांना तिने नावं दिली होती. एकीचा शेपटीचा पंखा फाटलेला, ती सगळ्यांत मोठी, सगळ्यांत शेवटी वर येणारी. आत्या तिला थोरली म्हणे. थोरली हातातून गोळा घ्यायची, आणि घेऊन झाल्यावर क्षणभर ओठ तळहातावर तसेच ठेवायची. आत्याला पोर नव्हतं. त्या क्षणाबद्दल ती कुणाला काही बोलली नाही, पण अंबिकेने ते एकदा पाहिलं होतं आणि तिला ते विसरता आलं नाही.

अंबिका दत्तरावांची सून. जिंतूरच्या अनंतराव मास्तरांची लेक, शिकलेली, हळू बोलणारी. मार्तंडाशी लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. सासू चांगुणाबाई वाईट नव्हती, पण तिची जीभ तिला आवरत नसे.

“बंगल्यावानी घर बांधलं अन् आत चिमणी बी चिवचिवत न्हाई,” ती शेजारणीला म्हणे, अंबिकेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग एक दिवस सरळच म्हणाली, “डोहात जीव सोड. माझ्या सासूनं सोडला होता, मी सोडला होता. तूच कामून राहिलीस?”

जीव सोडणं ही त्या डोहाची रीत. मागणं असलं की भोयाकडून जिवंत मासा विकत घ्यायचा, पाण्यासकट कळशीत घालून आणायचा आणि मागणं मनात धरून शेवटच्या पायरीवरून सोडायचा. मासा खोल गेला तर देवाने ऐकलं. वाटेत कळशीतच मेला, तर देवाने पाठ फिरवली. डोहाच्या आसपास मासेमारी नाही, म्हणून मासा गंगाखेडच्या घाटावरून आणावा लागे. पण तो याच गंगेतला असे. गंगेचा गंगेत.

अंबिका मासा आणायला गेली ते वर्ष विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचं. ठराव होऊन गेला होता आणि जिल्हा धुमसत होता. काही गावांत दलितांच्या वस्त्या जाळल्या होत्या. मोर्चे निघत, रस्ते बंद होत, यष्ट्या तासन्तास एका जागी उभ्या राहत. अंबिकेची यष्टी सडकेवर अशीच अडकली. चैत्राचं ऊन पत्र्यावर तापत होतं. गाडीत कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. तिने कळशी मांडीवर घेतली, पदराने झाकली, पदर भिजवत राहिली. कळशीतलं पाणी कोमट होत गेलं. आधी आत धडपड होत होती, मग थांबली. तिने झाकण काढून बघितलं नाही.

पायरीवर आत्या बसली होती.

“काय आणलंस माय?”

अंबिकेने कळशी पुढे केली. आत्याने डोकावून पाहिलं. पांढरं पोट वर करून मासा तरंगत होता. अंबिका पायरीवर बसली आणि तिने तोंडात पदर कोंबला, रडण्याचा आवाज गावात जाऊ नये म्हणून.

आत्याला ते बघवलं नाही. गंगाखेडचा सिताराम भोई त्या दिवशी देवळात नारळ फोडायला आला होता. तिने त्याला हाक मारली.

“सितारामा, कसला मासा दिलास रं पोरीला? घरापोतर बी पोचला न्हाई.”

“आत्या, माझा मासा इमानदार हाय, पर यष्टीचा डायवर न्हाई,” सिताराम म्हणाला. मग अंबिकेकडे बघून त्याचा आवाज उतरला. “खडस असो का दुसरं काई, गंगेचा मासा गार पाण्याचा. वाहत्याचा. उन्हात टिकत न्हाई. तुमाला टिकणारा पायजे तर माझ्याकडं चिलापी हाय.”

“ती कोण?”

“तळ्यात कुणी माशांचं बी सोडलं, त्यासंगं आली. आमी आणली न्हाई, आपसूक आली. पर लय चिवट. घमेल्यात दोन दिवस ऱ्हाती. चिखलात ऱ्हाती. उकळत्या पाण्यात टाकली तर म्हणंल अजून जरा जाळ घाला.”

आत्या हसली. अंबिकाही पदराआडून हसली, त्या दिवसात पहिल्यांदा.

“मरत न्हाई?” आत्याने पुन्हा विचारलं.

“न्हाई मरत.”

आत्याने डोहाकडे पाहिलं. पाणी निवांत होतं. एवढ्या मोठ्या पाण्याला एका माशाने काय होणार. “मग उद्या एक घिऊन ये,” ती म्हणाली. “माझ्या नावावर. अन् तू डोळे पूस, अंबे. देवानं पाठ फिरवली न्हाई. यष्टी थांबली होती, देव न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सितारामने सायकलला डबा अडकवून चिलापी आणली. राखाडी, काटेरी पाठीची, तळहाताएवढी. डबा उघडला तेव्हा ती उड्या मारत होती. अंबिकेने डोळे मिटून सोडली. ती सरळ खाली गेली.

वर्षाच्या आत अंबिकेला मुलगा झाला. चांगुणाबाईने सगळ्या गावाला पेढे वाटले आणि पेढ्याबरोबर गोष्टही वाटली. अंबिकेचा पहिला मासा मेला, दुसरा जगला, आणि दुसरा कोणता होता ते. मग काय, पाच कोसांतल्या लेकीसुना सितारामकडे यायच्या आणि म्हणायच्या, भाऊ, ती न मरणारी द्या. कुणाला पोर हवं होतं, कुणाला नोकरी, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटायला हवी होती. कळशीत मासा मेल्याचं दुःख पाथरडोहात पुन्हा कुणाच्या वाट्याला आलं नाही. बायनाआत्या पायरीवर बसून प्रत्येकीच्या डोक्यावरून हात फिरवायची. त्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर एक समाधान असे. पितळी वाजली की तांबूस सावल्यांच्या कडेला राखाडीही यायच्या. आत्या त्यांनाही गोळे टाकायची.

“पाव्हण्यांचं बी पोट हाय,” ती म्हणे.

पुढची वर्षं गंगा बदलत गेली. वर कुठेतरी धरणं झाली होती, पाणी अडत होतं, कालव्यांनी दूरच्या शेतात जात होतं. पूर यायचा तो येईनासा झाला. उन्हाळ्यात गंगेची धार तुटायची आणि डोह एकटाच उरायचा, ताटात राहिलेल्या आमटीसारखा. पावसाळे मागे सरकले, ऊन वाढलं. आत्याचा बाप सांगायचा की वैशाखात डोहात पाय बुडवला तर गारठ्याने हाडं दुखत. आता आत्या पाय बुडवी आणि पटकन काढून घेई. पाणी कोमट लागे, आंघोळीला काढून ठेवल्यासारखं.

अंबिका मुलाला कडेवर घेऊन दुपारी पायरीवर यायची. आपण ज्याला सोडलं त्याला बघायला येते, असं ती मनाशी म्हणे. डोह उथळ झाल्यावर तळ दिसू लागला. तळाच्या गाळात वाटीएवढे, ताटाएवढे गोल खळगे पडले होते, एकाला लागून एक. प्रत्येक खळग्यावर एक राखाडी मासा पहारा देत फिरत होता.

“हे काय, आत्याबाई?”

“घरं हायती त्यांची.”

“आणि देवाच्या माशांची?”

खडसाला घर लागत नाही, त्याला वाहतं पाणी आणि धुतलेली वाळू लागते. ती वाळू आता गाळाखाली होती.

त्या आधी डोहात मरळही होती. मरळीची पिल्लं लालभडक, शेकड्यांनी एकत्र राहतात. पाण्यावर कुंकवाचा पुडा सांडल्यासारखा त्यांचा थवा फिरतो आणि खाली आई-बाप राखण करतात. अंबिकेने मुलाला तो थवा दाखवला होता. एका आषाढात तिने पुन्हा दाखवायला बोट केलं, तेव्हा थव्यात चार-पाच राखाडी मासे शिरले होते. मरळ एकीकडे धावली की दुसरीकडून ते तोंड घालायचे. दुसऱ्या दिवशी पाण्यावर लाल काही नव्हतं. मरळ बराच वेळ त्याच जागी गोल गोल फिरत होती.

आत्याने ते पाहिलं आणि ती सितारामला भेटायला स्वतः गंगाखेडच्या घाटावर गेली. परत आली आणि अंबिकेला म्हणाली, “सिताराम म्हणतो, ती तोंडात अंडी धरती अन् पिल्लं तोंडात वागवती. लय माया असती म्हणं. अन् दुसऱ्याची अंडी खाती. वर्षातून चार बार वीती. घाटावर जाळं टाकलं की आता तिच्याबिगर काई लागत न्हाई त्याला. तो बी रडायलाय.”

“तुमचा काय दोष, आत्याबाई?”

“मी म्हणलं होतं, घिऊन ये. माझ्या नावावर.” आत्याने पितळी उलटी मांडीवर ठेवली. “त्यांचा बी काय गुन्हा, अंबे? आपण आणलं तवा आल्या.”

पुढच्या उन्हाळ्याअखेर आत्याने गावाकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. देवळाच्या ओट्यावर माणसं जमली. बाया खांबाला टेकून उभ्या राहिल्या. आत्या पायरीखालीच उभी राहिली.

“डोहात जाळं टाकू द्या,” ती म्हणाली.

आत्याचा भाऊ, देवळाचा गुरव, म्हणाला, “बाये, बापाचा नेम मोडतीस?”

“मोडते. कुणाचा जीव घ्यायचा न्हाई मला. सिताराम काढील अन् गावतळ्यात सोडील, तिथं सुखानं ऱ्हातील. इथं ऱ्हाऊ दिल्या तर देवाचे मासे संपतील. संपायलेत. मी रोज बघायले.”

“अन् नवसाच्या बी त्याच हायती न्हवं?” चांगुणाबाई पुढे आली. “माझ्या नातवाचा जीव हाय त्या पाण्यात. देवाला दिलेलं परत काढायचं अन् पोराला काई झालं तर? तुमाला न्हाई पोरबाळ आत्या, तुमाला काय कळणार!”

बोलून गेल्यावर चांगुणाबाईनेच जीभ चावली. पण शब्द गेले होते. आत्याचा चेहरा हलला नाही.

“अंबीला इचारा,” ती म्हणाली. “पहिली तिनं सोडली. ती हो म्हणली तर टाकू. न्हाई म्हणली तर मी पुन्हा बोलणार न्हाई.”

सगळे अंबिकेकडे बघू लागले. मार्तंड पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. अंबिकेला माहीत होतं की एक मासा आणि एक मूल यांत काही धागा नाही. तिच्या बापाने तिला तेवढं शिकवलं होतं. पण आदल्या हिवाळ्यात पोराला ताप आला होता, आणि त्या तापात तिने रात्रंदिवस एकच केलं होतं. ती डोहाच्या दिशेने हात जोडून बसली होती. तो ताप उतरला होता. जाळ्यात शेकड्यांनी मासे येतील, त्यातला तो कोणता कुणाला कळणार, आणि त्यातला एक जरी वाळूवर तडफडून मेला तर?

“नको,” ती म्हणाली.

“बरं माय,” आत्या म्हणाली. “आई नको म्हणती तर नको.” आणि पदर सावरून, सावकाश, डोहाकडे निघून गेली. माशांना खायला घालायची वेळ झाली होती.

जाळ्याचं तिने पुन्हा काढलं नाही. अंबिकेशीही पहिल्यासारखीच वागली. पोर दिसलं की त्याच्या हातावर खडीसाखर ठेवायची. रागावली असती तर अंबिकेला बरं वाटलं असतं.

देवाचे मासे एकेक करत गेले. काही उन्हाळ्यात, पाणी तापून वर येऊन तोंडं उघडून. काही म्हातारे होऊन. मागे नवं कुणी येत नव्हतं. पितळी वाजली की आता पाणी उसळायचं, राखाडी पाठी एकमेकींवर चढायच्या, गोळा पाण्यात पडायच्या आधी नाहीसा व्हायचा. आणि सगळं शांत झालं की सगळ्यांत शेवटी, खालून, एकच तांबूस सावली यायची. थोरली. आत्या तिच्यासाठी एक गोळा मुठीत राखून ठेवायची.

अंबिकेचा मुलगा भगवान सातवीत गेला त्या वर्षी फाल्गुनातच डोह कमरेएवढा उरला. थोरली आता कडेच्या कपारीला, खडकाच्या सावलीत पडून असे. तिचे कल्ले भरभर चालत होते. अंबिका एका दुपारी हे बघून उठली, घरी गेली आणि मार्तंडाला म्हणाली, “उद्या मला गाडी पायजे. अन् गुळाची काहील.”

“काहील कशाला?”

“देवाच्या माशाला न्यायचंय. पूर्णेच्या संगमाला, तिथं अजून वाहतं पाणी हाय.”

“अन् नेम?” चांगुणाबाई आतून म्हणाली. तिचाही आवाज आता म्हातारा झाला होता.

“मी मोडते,” अंबिका म्हणाली. “पोर माझं हाय.”

दिवस उगवायच्या आत निघाले. सिताराम गाडी हाकायला आला होता. आत्या कपारीशी गुडघाभर पाण्यात उतरली, पितळीवर हळूच एक ठोका दिला. थोरली आली. आत्याने गोळा दिला, ती ओठ लावून थांबली, तशी आत्याने दोन्ही हात तिच्या पोटाखाली घातले आणि उचलली. थोरली धडपडली नाही. लहान मूल मांडीवर घ्यावं तसं तिला काहिलीत ठेवलं. वरून ओलं गोणपाट टाकलं.

वाटेत आत्या काहिलीत हात घालून बसली होती, तळहात थोरलीच्या पोटाखाली. अंबिका गोणपाट भिजवत होती. सकाळची हवा चांगली होती. सिताराम बैलांना चुचकारत होता आणि अधूनमधून मागे बघून म्हणायचा, “हाय ना आत्या?” आत्या म्हणायची, “हाय.”

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी पुढच्या टेशनात अडली होती. एक पलीकडे निघून गेली तर दुसरी येऊन मधेच थांबली. सिताराम उतरला, फाटकवाल्याशी भांडला, हात जोडले, परत आला. दिवस वर चढला. काहिलीचा लोखंडी काठ तापला. अंबिकेने शेजारच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणून ओतलं. थोरली एका कुशीवर कलली, आत्याने तिला सरळ केलं. पुन्हा कलली, पुन्हा सरळ केलं. आत्याने पदरातून गोळा काढला आणि तिच्या ओठांशी धरला. थोरलीने ओठ लावले, पण गोळा घेतला नाही. ओठ तसेच तळहातावर राहिले.

अंबिकेला पहिली कळशी आठवली. तेव्हा तिने झाकण काढून बघितलं नव्हतं. आज ती बघत राहिली.

“हाय ना आत्या?” सिताराम पुढून म्हणाला.

सितारामने वळून पाहिलं आणि कासरा खाली ठेवला. फाटक उघडलं, पण गाडी पुढे गेली नाही. मागून दुसऱ्या गाडीवाल्यांनी शिव्या दिल्या तेव्हा त्याने बैल माघारी वळवले.

थोरलीला आत्याने देवळामागच्या करंजाखाली पुरलं. हाताने माती लोटली, कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या सकाळी अंबिका डोहावर आली तेव्हा आत्या शेवटच्या पायरीवर बसलेली होती. शेजारी एक गाठोडं होतं, एका लुगड्याएवढं. अंबिका तिच्या मागे दोन पायऱ्या वर उभी राहिली. जे बोलायचं ठरवून आली होती ते तिने बोलून टाकलं.

“आत्याबाई, जाळं टाका. मी सगळ्यांना सांगते. मीच सितारामला हाक मारते. एक बी शिल्लक ठेवू नका.”

आत्याने मान वळवली. डोळे कोरडे होते.

“आता कुणासाठी, माय?”

आत्याने कडं पितळीवर वाजवलं. आवाज पल्याडच्या खडकाला जाऊन परत आला. पाणी उसळलं, राखाडी तोंडं वर आली, दाटीवाटीने, उघडझाप करत. आत्या थोडा वेळ बघत राहिली. मग तिने गोळा मोडायला सुरुवात केली. एकेक कण, सावकाश, रोजच्यासारखा. सगळा गोळा त्यांना घातला. मुठीत काही राखून ठेवलं नाही.

“आधी त्यांचं,” ती म्हणाली. वाक्य तिने पुरं केलं नाही.

“कुठं निघालात?”

“जिंतूरकडं. दिराची सून हाय तिथं, लय दिस झाले ये म्हणती.”

“चहा तरी घ्या. काही खाऊन जा.”

“भूक न्हाई, अंबे.”

तिने पितळी गंगेच्या पाण्याने धुतली, पदराने पुसली आणि पायरीवर ठेवली. अंबिकेच्या हातात दिली नाही. घे म्हणाली नाही, घेऊ नको असंही म्हणाली नाही. गाठोडं काखेत घेतलं. पायऱ्या चढून गावातून जायच्या ऐवजी ती डोहाच्या कडेने खाली उतरली, जिथे पूर्वी गंगा वाहायची आणि आता नुसते गोटे होते. गोट्यांतून वाट नव्हती. ती उंच, कोरडी बाई वाकत नव्हती, घाई करत नव्हती. पात्राच्या मध्यावर तिची सावली तिच्याआधी पल्याड पोचली.

अंबिका पायरीवर उभी राहून बघत होती. पलीकडच्या दरडीवर आत्या चढली, बाभळींत एकदा दिसली, मग दिसली नाही. पायरीशी पाण्यात राखाडी तोंडं अजून वरच होती, पितळीकडे बघत.